फोटोखालची ओळ

आमच्या घरात हात उचलणं हा बोलण्याचाच एक भाग होता. बाबा चिडले की आधी हात यायचा आणि शब्द मागून. आईचं उलट. ती आधी पोटभर शिव्या द्यायची, मग लाटणं, उलथनं, पायातली चप्पल, जे हाताला लागेल ते. मी एकुलती, त्यामुळे दोघांचंही सगळं माझ्याच वाट्याला यायचं, आणि मला मारून झालं की ती दोघं एकमेकांकडे वळायची. याला आम्ही मारहाण म्हणत नव्हतो. घाटकोपरच्या डोंगरावर तेव्हा घराघरात हेच चालायचं. भिंती पत्र्याच्या असल्यामुळे कुणाच्या घरी कशाचा मार पडतोय ते नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं. चप्पल वाजते, लाटणं वाजत नाही, फक्त माणूस ओरडतो. शिवाय डोंगराच्या मागच्या अंगाला दगडाची खाण होती. दुपारी सुरुंग उडाले की मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या आणि एखादा दगड उडून कुणाच्या तरी पत्र्यावर पडायचा. मग त्या घरातली बाई बाहेर येऊन खाणवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नळावर तर रोजचीच लढाई. आईनं एकदा तिथं हंड्याच्या काठानं एका बाईचा दात पाडला होता, आणि संध्याकाळी त्याच बाईकडून वाटीभर साखर मागून आणली होती. तिनं ती दिलीही.

संप सुरू झाला आणि या सगळ्याला धार आली. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आयुष्यभर यंत्राच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस एकदम घरात येऊन बसला, तेव्हा त्याला शांततेचाच त्रास होऊ लागला. स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज झाला तरी बाबा ओरडायचे, आणि नाही झाला तर चहा का नाही म्हणून ओरडायचे. खायला सकाळी तांदळाची पेज, रात्री कुळथाची पिठी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. आई प्लॅस्टिकच्या फुलांच्या पाकळ्या जोडायचं काम घरी आणायची. खोलीभर लाल-पिवळ्या पाकळ्या पसरलेल्या असायच्या आणि त्यात बसून ती नवऱ्याला, सरकारला, गिरणीमालकाला आणि युनियनला एकाच सुरात शिव्या घालायची. मला आजही प्लॅस्टिकची फुलं बघवत नाहीत. मुलुंडच्या माझ्या सध्याच्या घरात सुनेनं हौसेनं आणलेली फुलदाणी मी पोटमाळ्यावर टाकली, आणि त्यावरून आमच्यात जे झालं ते इथं लिहीत नाही.

आईचा धाकटा भाऊ धोंडूमामा डोंगराच्या खालच्या अंगाला राहायचा. बाबांनीच त्याला गावाहून आणून स्वतःच्या गिरणीत चिकटवला होता. हसरा, अंगानं दणकट, बोलायला लागला की थांबायचा नाही. संप लांबला, मामीला दिवस गेले, आणि मामा मुकाट्यानं कामावर जाऊ लागला. पोलिसांच्या पहाऱ्यात अशा लोकांना गाडीतून आत नेत. डोंगराला ते ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं, पण कुणी तोंडातून काढलं नाही. बाबा कट्टर संपवाले. तरी त्यांनी मामाशी बोलणं तोडलं नाही. गिरणी तेवढी वगळून दोघं बाकी सगळं बोलायचे. त्याचं कारण आई होती. तिचे आईबाप गेलेले, गावचं घर भाऊबंदांच्या घशात गेलेलं. माहेर म्हणून तिला उरला होता तो हा एक भाऊ. पहिल्यांदा बातमी कळली त्या दिवशी बाबा दात-ओठ खात उठले, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा संप तुमच्यापाशी ठेवा. माझा भाऊस या दारातनं माघारी गेला, तर या घरात परत चूल पेटायची नाय." बाबांनी तिला ढकललं, ती भिंतीवर आदळली, आणि तरी दारातून हलली नाही. शेवटी बाबा आत येऊन बसले. आमच्या घरातला तह असा व्हायचा.

आता त्या मासिकाबद्दल सांगायला हवं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात त्याचे जुने अंक निघतील. परदेशातलं, भूगोलाचं, आमच्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून निघणारं. गुळगुळीत कागद, त्याला एक वेगळाच वास, आणि आत जगभरचे असे फोटो की बघणाऱ्याला आपलं गाव लहान वाटावं. आमच्या शाळेत भूगोलाला ढवळे सर होते. फोर्टातल्या फुटपाथवरून ते हे जुने अंक पिशव्या भरभरून आणायचे आणि शाळेच्या कपाटात कुलपात ठेवायचे. सर एरवी फळ्यासमोर पोरांना बडवून काढणारे, पण मासिक हातात घेतलं की देवघरात बसल्यासारखे मऊ व्हायचे. बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर मात्र लाकडी पट्टी बोटांच्या सांध्यांवर बसायची. माझ्यावर त्यांचा लोभ होता. शाळा सुटल्यावर ते मला कपाटाजवळ बसू देत. फोटो बघायचा, खालची ओळ वाचायची, अडलेला शब्द विचारायचा. मी इंग्रजी शिकले ती अशी, फोटोखालच्या ओळी वाचत. सर म्हणायचे, वर्तमानपत्रवाले काहीही छापतील, पण या मासिकात ओळ छापण्याआधी चार जण तपासतात. माझा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

आमच्या डोंगरावरची बहुतेक माणसं चिपळूण-खेडकडची. वरच्या वाडीत एका गावची, खालच्या वाडीत शेजारच्या गावची. गावाकडची एक रीत त्यांनी इथं आणली होती. शिमग्याला होम पेटला की दोन्ही वाड्या आगीच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि होमातलं जळतं लाकूड उपसून एकमेकांवर फेकतात. त्या लाकडाला होल्टा म्हणतात. बाहेरच्या माणसाला बघताना वाटेल, आता मुडदे पडणार. बोंबा, ठिणग्या, धूर, उघडी अंगं, शिव्यांचा पाऊस. पण त्याचे नियम कडक. होल्टा गुडघ्याच्या खाली टाकायचा, आणि ज्याच्यावर टाकायचा त्याचं नाव आधी मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे तो सावध होतो. नाव न घेता टाकलेला होल्टा हा खेळ नव्हे, तो घात. असं करणाऱ्याला वाडीतून बाहेर काढत. खेळ संपला की दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या कपाळाला राख लावून मिठ्या मारायचे, आणि त्या दिवशी जुनं काही मनात ठेवायचं नाही असा दंडक होता. वर्षभर एकमेकांची डोकी फोडणारी माणसं त्या एका संध्याकाळी आग हातात घेऊन जेवढी सांभाळून वागायची, तेवढी एरवी कधी वागली नाहीत.

त्या वर्षी शिमग्याला सरांबरोबर एक गोरा फोटोग्राफर आमच्या डोंगरावर आला. त्या मासिकाचा. मुंबईतल्या संपावर त्यांना काही छापायचं होतं, आणि सरांना कुणीतरी गाठलं होतं. सर इतके फुलून गेले होते की डोंगर चढताना त्यांना धाप लागली ती आनंदानं की चढणीनं, कळत नव्हतं. गोऱ्यासोबत एक चष्मेवाला दुभाषी होता. तो प्रत्येकाला नाव-गाव आणि काय काम करता ते विचारत होता. बाबा म्हणाले, संपावर आहे. मामा म्हणाला, मिलमध्ये जातो. मामा खोटं बोलायला शिकलाच नव्हता. दुभाष्यानं दोन्ही उत्तरं लिहून घेतली. आईनं त्या तिघांना पुरणपोळी वाढली, आणि गोऱ्यानं ती काट्याचमच्याशिवाय खाल्ली म्हणून तिला त्याचं फार कौतुक वाटलं. त्यानं आमचे कितीतरी फोटो काढले. आई पाकळ्या जोडताना, मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर, मामी आपलं पोट सावरत हसताना, होमाची पूजा, कपाळाला राख लावणारे म्हातारे, आणि खेळ संपल्यावर बाबा आणि मामा एकमेकांच्या गळ्यात पडलेले. तो शेवटचा फोटो काढताना त्यानं दोघांना हातानं खूण करून पुन्हा मिठी मारायला लावली होती. दिवेलागणीच्या त्या उजेडात दोघांचे दात तेवढे चमकत होते.

अंक आला तो पावसाळा उलटल्यावर. सरांनी मला वर्गातून बोलावून नेलं आणि पान उघडून दिलं. दोन पानं पसरून एकच फोटो. धुराच्या मागे बाबा, उघडे, घामानं चकाकणारे, डोक्यावर उचललेलं जळतं लाकूड, आणि तोंड इतकं उघडलेलं की पडजीभ दिसावी. समोर मामा, दोन्ही हात वर करून मागे झुकलेला. फोटो भयंकर चांगला होता, ते मला आजही नाकारता येत नाही. खाली ओळ होती. तिचा अर्थ असा की, मुंबईतल्या एका झोपडपट्टीत संपावर असलेला कामगार कामावर परतलेल्या आपल्या सहकाऱ्यावर जळतं लाकूड घेऊन तुटून पडतो आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, त्याच मासिकानं मला शिकवलेला. बाबांचं तोंड उघडं होतं कारण ते मामाचं नाव घेत होते. "धोंडू रे!" असं ओरडत होते. फोटोत आवाज येत नाही, म्हणून मासिकवाल्यांनी तो आपल्या मनानं घातला होता. मिठीचा फोटो नव्हता. पूजेचा नव्हता. आईचा, मामीचा, माझा, कुणाचाच नव्हता.

मी सरांना म्हणाले, हे खोटं आहे. सर म्हणाले, फोटो खोटा आहे का? लाकूड खरं, आग खरी, तुझे वडील संपावर आहेत हे खरं, मामा कामावर जातो हेही खरं. मग खोटं काय? मी म्हणाले, सर, तुम्ही तिथं उभे होता. मग मी कपाट उघडलं आणि जुने अंक भराभर काढून जमिनीवर मांडत गेले. आमच्या देशाचे तेवढे फोटो शोधले. भेगा पडलेली जमीन, साप, राख फासलेले साधू, मेलेली गुरं, गर्दी, रडणारी बाई, दंगल. त्यांच्याकडचे पूल, दुर्बिणी, बर्फात घसरणारी गुटगुटीत पोरं, आजीबरोबर सफरचंदं तोडणारी नात. इतकी वर्षं मी हे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. आमच्याकडची माणसं एकतर रडत होती नाहीतर ओरडत होती, आणि नाव कुणालाच नव्हतं. त्यांच्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा नाव होतं. मी सरांना म्हणाले की तुमचं मासिक खोटारडं आहे आणि तुम्ही त्याचे भाट आहात. सरांनी पट्टी उचलली आणि मला मारलं, हातांवर, खांद्यावर, मी मागे सरकले तशी पाठीवर, पट्टी मोडेपर्यंत. शाळेत आजवर खाल्लेल्या माराचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, कारण मारताना सर रडत होते.

नंतर त्यांनीच मला संपादकांना पत्र लिहायला मदत केली. इंग्रजी माझं, व्याकरण त्यांचं. होल्टा म्हणजे काय, नाव घ्यायची रीत, बाबा आणि मामा यांचं नातं, सगळं लिहिलं. उत्तर म्हणून एक छापील कार्ड आलं. आपल्या आस्थेबद्दल आभार, आमच्या अंकातील मजकूर काळजीपूर्वक पडताळलेला असतो. सरांनी ते माझ्यासमोर वाचलं, खिशात ठेवलं, आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे दिली. अगदी अलीकडे शहरातल्या एका प्रदर्शनात मी तो फोटो पुन्हा पाहिला, माणसाएवढ्या चौकटीत. खाली तीच ओळ. टेबलामागच्या मुलीला मी म्हणाले, हे माझे वडील आहेत आणि ही ओळ चुकीची आहे. ती गोड हसून म्हणाली, आंटी, अभिप्रायाच्या वहीत लिहा ना. माझा हात शिवशिवला. वय झालं म्हणून तो आवरला.

अंक आला त्या दिवशी घरी मी सांगितलं तेव्हा बाबा आधी हसले. सातासमुद्रापार आपलं थोबाड पोचलं म्हणून त्यांना गंमत वाटली. मामालाही वाटली असावी. पण त्या दुभाष्यानं अंकाची प्रत युनियनच्या लोकांपर्यंत पोचवली, आणि डोंगराच्या पायथ्याशी नाक्यावर त्यांची जी शाखा होती तिथल्या फळ्यावर त्या फोटोची मोठी झेरॉक्स लागली. वर कुणीतरी खडूनं लिहिलं, फुटीरांना आमच्या वाघाचं उत्तर. शाखेतल्या पोरांना तो फोटो झकास वाटला. परदेशानं दखल घेतली म्हणजे काय. त्यांनी बाबांना खाली बोलावून गळ्यात हार घातला. बाबांनी तो घालून घेतला. मी हे लिहिताना त्यांची बाजू घेणार नाही, पण एवढं सांगते की कित्येक महिने त्या माणसाला कुणी खुर्ची दिली नव्हती. ते हार घालूनच घरी आले. आईनं तो त्यांच्या गळ्यातून ओढून स्टोव्हवर धरला. झेंडूचा जळका वास खोलीभर झाला. बाबांनी तिच्या थोबाडीत मारली, तिनं स्टोव्हची पिन त्यांच्या दंडात खुपसली, आणि म्हणाली, "आता माज्या भावाला कुत्र्यासारका मारतील ते. तुमच्या हारापायी."

तसंच झालं. त्या फोटोपर्यंत नाक्यावरच्या पोरांना मामा कोण, कुठं जातो, काही माहीत नव्हतं. आता त्याचा चेहरा फळ्यावर होता. पाळीवरून परत येताना त्यांनी त्याला भर दुपारी खाणीच्या वाटेवर गाठला. सळया होत्या, सायकलची चेन होती. दोन दात, बरगडी, डावं मनगट, आणि उजव्या कानाचा पडदा फाटला तो कायमचा. मामी तान्हं पोर छातीशी धरून खालच्या वाडीतून वर आमच्या दारापर्यंत चढून आली आणि तिनं बाबांना जे शिव्याशाप दिले ते ऐकून नळावरच्या बायकासुद्धा गप्प झाल्या. बाबा त्याच पावली नाक्यावर गेले, फळ्यावरचा कागद फाडला आणि ओरडून सांगितलं की हा शिमग्याचा खेळ आहे, धोंडू माझा मेव्हणा आहे. पोरं हसली. एक जण म्हणाला, काका, एवढ्या मोठ्या मासिकात छापलंय, ते काय येडे आहेत? बाबांनी त्याचं नाक फोडलं. मग बाकीच्यांनी बाबांना तुडवलं. ज्या वाघाला हार घातला होता त्यालाच.

मामा बरा होऊन हिंडू-फिरू लागला तसा एका संध्याकाळी आमच्याकडे आला. आईनं त्याला बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. तो एका बाजूनं चावत होता. दुखरा कान आमच्याकडे असला की त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून वळून बसला होता. जेवण झाल्यावर त्यानं बाबांकडे बघितलं. "भावोजी, एक विचारू? त्या दिवशी होल्टा उचललात तवा तुमच्या मनात काय व्हतं?"

बाबांनी लगेच उत्तर दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला आजही वाटतं. पण त्यांना वेळ लागला. ते आठवू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आई बघत होती, मामा बघत होता. त्या ओळीनं आमच्या घरात शिरून एवढं केलं होतं की खुद्द बाबांनाच आता खात्री देता येत नव्हती. मनात राग नव्हता का? होता. संप सुरू असताना मेव्हणा आत जातो याचा राग कुठल्या संपवाल्याला नसेल? पण होल्टा उचलताना होता का? शेवटी ते म्हणाले, "खेळच व्हता रे, धोंडू." मामानं मान हलवली, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि गेला. पुन्हा आला नाही. आईनं त्या दिवशी कुणालाही शिवी दिली नाही, आणि मला तिची तेवढी भीती आधी कधी वाटली नव्हती.

पुढचा शिमगा आला तेव्हा दोन्ही वाड्यांतले म्हातारे म्हणाले, यंदा होल्टे नकोत, नुसती होळी लावू. बाबा ऐकेनात. खेळ बंद केला तर त्या मासिकवाल्यांचं खरं ठरेल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही एकमेकांचे वैरी असतो तर खेळलो असतो का, हे डोंगराला दिसू दे, नाक्याला दिसू दे. मलाही ते पटलं. मी तर अंक आल्यापासून हेच ओरडत होते. बाबा स्वतः मामाच्या दारात जाऊन बोलावून आले. मामा येतो म्हणाला.

होम पेटला, सूर्य नुकताच खाणीमागे गेला होता. बाबांनी होल्टा उचलला आणि छाती फुटेल एवढ्या आवाजात नाव घेतलं. "धोंडू रे!" मामाच्या शाबूत कानाच्या बाजूला सरकून घेतलं, म्हणजे त्याला ऐकू जावं. होल्टा मामाच्या पायांच्या अलीकडे पडला. लोक हसले, बोंब ठोकली. मामानं वाकून तोच होल्टा उचलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण कित्येक महिने मी उघड्या तोंडाचाच विचार करत होते. त्याचं तोंड मिटलेलं होतं. त्यानं नाव घेतलं नाही. लाकूड सरळ बाबांच्या चेहऱ्यावर आलं.

त्यानंतरचं सगळं एकदम झालं. बाबा गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी चेहरा झाकून, आणि बोटांतून धूर येतोय असं मला वाटलं. वरच्या वाडीची माणसं मामावर तुटून पडली. घात केला, घात केला म्हणून ओरडत होती, लाथा घालत होती, कुणीतरी त्याचं डोकं दगडावर आपटत होतं. आईनं होमातून एक जळतं लाकूड ओढलं आणि ते गरगर फिरवत त्या गर्दीत घुसली. कुणाचं अंग भाजलं, कुणाचे केस जळले, तिला पर्वा नव्हती. गर्दी फाकली. मामा रक्तानं माखलेला उठला, कुणाकडे न बघता बाबांपाशी गेला, त्यांना पाठुंगळी घेतलं आणि डोंगर उतरायला लागला. रिक्षा मिळेपर्यंत त्यानं त्यांना खाली ठेवलं नाही. मी आणि आई मागून धावत होतो.

बाबांचा डावा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेच्या इस्पितळात एक हवालदार जबाब घ्यायला आला. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, डोक्याला पट्टी, अंगात कालचाच फाटका सदरा. तो स्वतःहून काहीतरी सांगायला पुढे झाला होता. पण बाबा आधी बोलले. तोंड सुजलेलं, शब्द नीट निघत नव्हते. "कुणी मारला नाय, सायेब. शिमग्याचा खेळ हाय आमचा. खेळताना लागला."

हवालदारानं बाबांकडे निरखून बघितलं. नाक्यावरचा फोटो त्यानंही पाहिला होता. त्यात तर तुम्हीच मारत होता, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, तोही खेळच होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके महिने मी एकाच गोष्टीसाठी भांडत होते, सरांशी, संपादकाशी, डोंगराशी, की जे घडलं तेच सांगा, त्याखाली दुसरी ओळ लावू नका. मी मध्ये पडले. म्हणाले, "खोटं आहे, साहेब. मामानं नाव घेतलं नव्हतं. त्यानं मुद्दाम..."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यभर तिचा मार खाल्ला, पण एवढ्या जोरात तिनं मला आधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी शेजारच्या पलंगाच्या लोखंडावर जाऊन आदळले. वॉर्डातली माणसं उठून बसली. आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती हवालदाराला म्हणाली, पोरगी लहान आहे, घाबरली आहे, तुम्ही लिहा. बाबांनी एका डोळ्यानं आईकडे बघितलं आणि मान हलवली. हवालदारानं लिहिलं, शिमग्याचा खेळ खेळताना डोळ्यास इजा. मग त्यानं कागद मामापुढे धरला आणि साक्षीदार म्हणून खाली सही करायला सांगितलं. मामानं सही केली.